कापायला चालतं, जोडायला नाही

पोंक आला की माझं डोकं फिरतं. डिसेंबर लागला, नदीपलीकडे पोंकाची दुकानं उभी राहिली, कोळशावर भाजलेली कोवळी कणसं कापडात गुंडाळून बडवण्याचा आवाज यायला लागला, की सुरत खूश असते आणि मी चिडलेला असतो. आमच्याकडे खानदेशात ह्यालाच हुरडा म्हणतात. तो शेतात बसून खायचा, तळहातावर चोळून, फुंकर मारून. इथे तो शेव आणि लिंबू घालून कागदात मिळतो. चव तीच. बायको, सुमन, दरवर्षी पिशवी माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, पोंक उना का तुम्हनं डोकं फिरनंच. मग ती समोर बसून निवांत खाते. मी दोन घास घेतो आणि हात झटकतो.

राग पोंकावर नाही, हे तिलाही ठाऊक आहे. राग पुराच्या वर्षीच्या हिवाळ्यावर आहे. त्या वर्षी तापी शहरात शिरली होती. पाणी ओसरल्यावर महिना-दोन महिने नुसता चिखल, मग चिखलाची धूळ, आणि हिवाळा लागता लागता गंज. लोकांना गंज उशिरा दिसतो. गाडी धुतली, गाद्या उन्हात टाकल्या, इंजिन चालू झालं, की त्यांना वाटतं वाचली. पण पाणी पत्र्याच्या घडीत बसून राहतं. तिथे ते कुणाला न विचारता खात सुटतं.

मी तेव्हा पर्वत पाटियाजवळच्या एका गॅरेजात पत्र्याचा मिस्त्री होतो. शाळा सातवीत सुटलेली. धुळ्याला एका एसटी-ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली पत्रा शिकलो आणि लग्न झाल्यावर सुरतेला आलो. बमरोलीत खोली, आजूबाजूला सगळे लूमवाले, दिवसरात्र खटखट. त्यातला मी एकटाच लोखंडवाला. गॅरेजच्या मालकांना आम्ही रमणशेठ म्हणायचो. ते मला भाऊ म्हणायचे. सुरतेत प्रत्येक मराठी माणूस भाऊच असतो. कुणी ते प्रेमानं म्हणतं, कुणी हाड म्हटल्यासारखं. रमणशेठ प्रेमानं म्हणायचे. अडचण तिथूनच सुरू होते.

मी सुरतेत येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा सुमनची पहिली खेप अवघड गेली. मुलगी झाली, पण सुमनचं रक्त थांबेना. दवाखान्यात सगळं गुजरातीत चाललेलं. मला कळत होतं निम्मं. रक्त आणा म्हणाले. माझ्या अंगात तेव्हा कावीळ, माझं घेईनात. रमणशेठ स्कूटरवरून आले, मला बाकावर बसवलं, म्हणाले तू इथून हलू नको, आणि आत गेले. अर्ध्या तासानं दंडाला कापूस दाबत बाहेर आले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. सुमन वाचली.

त्यानंतर पाच वर्षांत ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एकदा तरी बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, फेडता आलं असतं. पण न बोललेला उपकार घरात माणसासारखा राहतो. सुमन भाकरी थापताना तिच्या मनगटावरची शीर दिसायची आणि मला वाटायचं, आत शेठ आहेत. मी कामावर सगळ्यांच्या आधी जायचो. शेठ म्हणाले की हो म्हणायचो. गॅसची टाकी बंद केली का म्हणून रस्त्यावरून दोनदा परत जायचो. काही बिघडलं आणि शेठना वाटलं की ज्याला वाचवलं तो असा निघाला, तर? ह्या 'तर'नं माझी पाच वर्षं खाल्ली.

तर त्या डिसेंबरात हंसाबेनची गाडी आली. हंसाबेन म्हणजे एका जुन्या डॉक्टरांच्या विधवा, सत्तरीच्या, सडपातळ, पांढरी साडी आणि पायांत पुरुषी सपाता. गाडी डॉक्टरांची. विलायती, गोल खांद्यांची, पिस्त्यासारख्या रंगाची. घरात तिला डोशी म्हणायचे, म्हणजे म्हातारी. डॉक्टर तीत बसून रात्री-अपरात्री बाळंतपणं करायला जायचे. हंसाबेनचा मुलगा दवाखान्यातून घरी आला तो हिच्यात, डॉक्टर शेवटचे घराबाहेर पडले तेही हिच्यातच. आता नातीचं लग्न होतं, उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, चौथ्या दिवशी, आणि नातीची पाठवणी ह्याच गाडीतून करायची असं हंसाबेननी ठरवलं होतं. पुरात गाडी दारांच्या मुठींपर्यंत बुडाली होती.

मी खाली शिरून पेचकस टोचला तर तो पत्र्यातून आरपार गेला. पायाखालचा सगळा तळ पापड झालेला. तळाखालून पुढून मागे जाणाऱ्या दोन पोकळ लांब पट्ट्या असतात, त्यांना आम्ही चासीच्या पट्ट्या म्हणायचो. सगळी गाडी त्यांच्यावर उभी असते. त्याही कुजलेल्या. पट्टीला हातोडी मारली तर आतून गाळ ओतला गेला. बारीक, करडा, तापीचा. हीच तापी आमच्या गावावरून येते. कुणाच्या शेतातली माती होती कुणास ठाऊक, सुरतेत येऊन परक्या बाईच्या गाडीत बसली होती. मी ती पायानं बाजूला सारली आणि शेठना सांगितलं, तळ नवा, पट्ट्या नव्या, दुसरा इलाज नाही.

बाजारात असलं काही तयार मिळत नव्हतं. पुठ्ठ्याचे साचे कापून, पांडेसऱ्यात पत्रा वाकवून आणून, सगळं आपणच बनवायचं. महिन्याचं काम होतं आणि महिना हातात होता. पण हंसाबेन म्हणाल्या, कमुरतां बसली आहेत. संक्रांतीपर्यंतचा तो महिना इकडे अशुभ धरतात. लग्न नाही, वास्तू नाही, नवं काही नाही. लग्नाची गाडी आहे, तिला ह्या महिन्यात नवं लोखंड लागता कामा नये. शेठनी मान डोलावली आणि तोडगा काढला. मला अजून त्यांचा सूर आठवतो, सोपं गणित सुटल्यासारखा.

"कापवानुं चाले, जोडवानुं नहीं. भाऊ, तू आत्ता सगळं कापून साफ कर, उत्तरायण झालं की दोन दिवसांत जोडून टाक."

बाईंना पटलं. शेठना पटलंच होतं. मला कळलं की हे मरण आहे.

शेठ ट्रकवाले. ट्रकला खाली वेगळी, स्वतंत्र, जाडजूड चासी असते. वरचं सगळं फाडून काढा, चासी हलत नाही. ह्या गाडीत तळ, पट्ट्या आणि अंग एकजीव असतं. खोक्याचा तळ कापून काढलात आणि बाजू तशाच उभ्या ठेवल्यात, तर खोकं वाकतं. धुळ्याच्या उस्तादानं मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं: आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाईप वेल्ड करून अंग जखडायचं, मग एक बाजू कापायची, ती जोडायची, दार लावून बघायचं, आणि मगच दुसरी. उस्ताद निरक्षर होता. पण हे तो मंत्रासारखं म्हणायचा.

पाईप वेल्ड करणं म्हणजे जोडणं. आणि जोडायला बंदी.

मी तोंड उघडलं होतं, हे मला नोंदवायचं आहे, स्वतःच्या बाजूनं तेवढंच आहे माझ्याकडे. मी म्हणालो, शेठ, आधी पाईप... शेठ हसून म्हणाले, अरे भाऊ, भरोसा राख. आणि मी भरोसा राखला. माझ्या हातांना माहीत असलेली गोष्ट मी जिभेपर्यंत आणली आणि गिळली. चार दिवसांत दोन्ही पट्ट्या, सगळा तळ, दारांखालचे उंबरे कापून ढीग केला. ह्या हातांनी. छिन्नी मारताना प्रत्येक घावाला ठाऊक होतं.

मग गाडी तशीच उभी राहिली. पुढचं टोक एका लोखंडी घोडीवर, मागचं दुसऱ्या घोडीवर, मध्ये हवा. दारं मी मुद्दाम काढली नव्हती, कारण दाराची फट खोटं बोलत नाही. घरून आलेलं एक पोस्टकार्ड खिशात होतं, वडलांचं, कापूस बरा आहे, तब्येत बरी आहे. रोज सकाळी मी ते डाव्या दाराच्या वरच्या फटीत सरकवून बघायचो. पहिल्या दिवशी ते आरामात फिरलं. पाचव्या दिवशी कोपऱ्यात अडखळलं. दहाव्या दिवशी दाबावं लागलं आणि कार्डाची कड चुरगळली. दोन दारांच्या मधल्या खांबांना खालून जॅक लावता आला असता, पण त्यांचे बुंधे गंजानं इतके कुरतडलेले की आधी लोखंडाचा तुकडा जोडल्याशिवाय जॅक टेकायला जागा नव्हती. पुन्हा जोडणं. पुन्हा बंदी. बाहेर सगळीकडे मांजा रंगवत होते, रस्त्याच्या कडेच्या खांबांना गुलाबी दोरे गुंडाळलेले, आणि मी रोज सकाळी एक पोस्टकार्ड घेऊन एका म्हातारीची नाडी बघत होतो.

घरी मी सुमनवर ओरडायचो. भाजीत मीठ कमी, पोरगी रडते का, लूमचा आवाज बंद का होत नाही. तिनं आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग एका संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, निदान ती म्हणेल की जाऊ द्या, शेठचे उपकार आहेत. ती म्हणाली, "तुम्हले तोंड शे का नही? रगत मना आंगमा चढनं, तोंड तुम्हनं का बंद व्हयनं?"

मला तिचाही राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या उत्तरायणाला, सगळं शहर अजून गच्चीवर होतं. आम्ही तिघंच गॅरेजात: शेठ, जयंती नावाचा जुना फिटर, आणि मी. शेठनी गाडीला नारळ वाढवला आणि दार उघडून बंद करायला गेले. दार अर्ध्यावर थांबलं. वरचा मागचा कोपरा चौकटीवर आपटला. पुन्हा ढकललं, पुन्हा आपटलं. चारही दारांची तीच गत. गाडी मध्ये खचली होती. आता डोळ्यांनाही दिसत होतं, छपराची रेषा हसऱ्या तोंडासारखी वाकली होती.

शेठ घाबरले नाहीत. म्हणाले, दारांच्या कडा घास, बिजागऱ्या सरकव, आणि पट्ट्या आहे तशाच जोडून टाक. एका दिवसाची तर वरात आहे.

आहे तशाच जोडणं म्हणजे वाकडेपणा कायमचा शिवून टाकणं. पुढचं चाक एकीकडे, मागचं दुसरीकडे, स्टिअरिंग ज्या पट्टीवर बसतं तीच तिरकी, आणि खड्ड्यात गेल्यावर नवरीचं दार कुठे उघडेल ह्याचा नेम नाही. मी म्हणालो, नाही जोडणार. मोठ्यानं नाही म्हणालो. पण म्हणालो.

शेठ काही बोलायच्या आत जयंती बोलला. पतंगाचा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाला की भाऊंना आता शिंगं फुटली वाटतं, ज्याचं रक्त पिऊन संसार उभा राहिला त्यालाच नाही म्हणायला लागले. पाच वर्षं मी ज्या वाक्याला भीत होतो ते असं आलं, परक्याच्या तोंडून, दोरा गुंडाळता गुंडाळता.

शेठनी त्याला गप्प केलं. मग माझ्याकडे वळून, खरंच गोंधळून विचारलं, कसलं रक्त? मी सांगितलं. सुमनच्या वेळचं. शेठ म्हणाले,

"अरे भाऊ, ते माझं नव्हतं. माझा गट जुळला नाही. मी माझी बाटली तिथे दिली, त्यांनी बदल्यात सुमनच्या गटाची काढून दिली. कुणाची होती देव जाणे."

मला आनंद व्हायला हवा होता. माझी मुक्तता झाली होती म्हणे. पण मला जो राग आला तो आजपर्यंत उतरलेला नाही. शेठवर कसला रागावणार, त्यांनी आपलं रक्त दिलंच होतं, माझ्यासाठीच दिलं होतं, फक्त ते माझ्या घरात नव्हतं. राग माझ्यावर. पाच वर्षं मी बायकोच्या मनगटात एका माणसाला बसवून ठेवला आणि त्याला घाबरून जगलो. एकदाही विचारलं नाही. आणि उपकार कमी झाला का? नाही झाला. तेवढाच राहिला. म्हणजे गप्प बसण्याचं कारण उपकार नव्हताच कधी. गप्प बसायला मला काहीतरी हवं होतं, ते सापडलं होतं, एवढंच.

शेठ म्हणाले, नाही जोडायचं तर हंसाबेनना तू सांग. मी सायकल काढली आणि गेलो. पूल ओलांडताना कापलेल्या पतंगांचे दोरे तोंडावर येत होते. हंसाबेनच्या घरी मांडवाचे बांबू टेम्पोतून उतरत होते. त्या ओट्यावर बसून याद्या तपासत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. गाडी पाठवणीला मिळणार नाही. अंग खचलं आहे. ते वर उचलून, जखडून, एकेक बाजू जोडायला दोन आठवडे लागतील. आधी जखडली असती तर खचली नसती. जखडायला जुने पाईप चालले असते, पण कमुरतांत जोडायचं नाही असं ठरलं होतं. आणि मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्यांनी यादी बाजूला ठेवली.

"जूनुं लोखंड थोडुं नवुं गणाय? मने पूछ्युं केम नहीं?"

जुनं लोखंड काय नवं धरतात का. मला विचारलं का नाही. बस. महिनाभराचा घोर, चुरगळलेलं पोस्टकार्ड, चार दारं, एका म्हाताऱ्या बाईच्या मनातली पाठवणी, हे सगळं एका प्रश्नाच्या अंतरावर होतं. सायकलनं पंचवीस मिनिटं. मी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, भंगारातले पाईप लाव, त्याला कसलं कमुरतं. मला शेठना विचारायची भीती वाटली, आणि शेठना त्यांना विचारायची गरज वाटली नाही.

त्या रागावल्या. नीट, सविस्तर रागावल्या. आवाज चढला नाही, पण मांडववाले काम थांबवून बघायला लागले. म्हणाल्या, माझे डॉक्टर रोग्याला बघून आल्यावर जे दिसलं ते सांगायचे, घरच्यांना आवडो न आवडो. तू बघितलंस आणि घरी जाऊन जेवलास. मी मान खाली घालून ऐकलं. गंमत अशी की मला बरं वाटत होतं. सुरतेत मला कुणी भाऊ म्हणून हाकललं होतं, कुणी भाऊ म्हणून पोसलं होतं. मिस्त्री म्हणून कुणी जबाबदार धरलं नव्हतं. त्यांच्या रागात दया नव्हती. तो पूर्ण माझा होता.

नात भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून सासरी गेली. मी त्या दिवशी डोशीच्या खाली होतो. खांबांच्या बुंध्यांना लोखंडाचे तुकडे टाचले, खालून चार जॅक लावले आणि दर तासाला पाव पेच असं तिला वर घेत गेलो. घाई केली तर काच तडकते. दाराच्या फटीत मी आता पोस्टकार्ड घालत नव्हतो, करंगळीचं नख पुरत होतं. फट उघडली तशी चौकटीत पाईप जखडले, आणि उस्तादाच्या क्रमानं आधी डावी पट्टी, मग उजवी, मग तळाचे पत्रे, एक टाका इकडे, एक टाका तिकडे, पत्रा तापून ओढू नये म्हणून. शेठ त्या दिवसांत माझ्याशी बोलले नाहीत. पण रोज येऊन पाहायचे, आणि एकदा जयंतीनं पाईप काढायची घाई केली तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

दोन आठवड्यांनी हंसाबेन ड्रायव्हर घेऊन आल्या. चारही दारं स्वतः उघडून लावून बघितली. कुलपासारखी बसत होती. गालिचा उचलायला लावला, सपाता काढून अनवाणी नव्या तळावर उभ्या राहिल्या, टाचेनं दोनदा ठोकून बघितलं. शेठ शेजारी उभे, चेहऱ्यावर समाधान, हातात किल्ली. बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि करता करता माझ्याकडे बघून विचारलं, "बोल, शुं बाकी छे?"

काहीच बाकी नव्हतं. गाडी चालली असती, वर्षानुवर्षं चालली असती. फक्त डाव्या पट्टीचं मागचं टोक, जिथे ती चाकाच्या कमानीला मिळते, तिथला वरचा सांधा मला आवडला नव्हता. आत हात पुरत नव्हता, आरसा धरून वेल्ड केलं होतं, आणि एका जागी वितळ आतपर्यंत गेली की नुसती वर बसली हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाही कधी दिसलं नसतं. शेठ माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं मी काय बोलणार ते, आणि त्यांची मान बारीकशी, अगदी बारीकशी, नको म्हणून हलली.

मी म्हणालो, डावीकडे मागचा एक सांधा माझ्या मनासारखा नाही. कापून पुन्हा करावा लागेल. अजून दोन दिवस.

हंसाबेननी हात मागे घेतला, सपाता पायात घातल्या आणि ड्रायव्हरला रिक्षा बघायला पाठवलं.